शेजाऱ्यांविषयीचा रकाना

वैशालीला हे ठाऊक नाही. एका छपराखाली सतरा वर्षं काढली, मी जिन्यात पाऊल टाकलं की दिवस कसा गेला ते तिला कळतं, पण हे ठाऊक नाही. निखिलला नाही, मृणालला नाही. आणि काकूंना — काकूंना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू, तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर हे बोलायची माझी छाती नाही. लिहायला बसल्यापासून दोनदा उठून पाणी पिऊन आलो, तेव्हा जरा धीराने घ्या.

मी कागदाचा माणूस. सिंगापूरला, हार्बरफ्रंट भागात एका शिपिंग कंपनीत आहे. जहाजावर चढलेला माल आणि कागदावर लिहिलेला माल एकच आहे ना, एवढंच बघायचं माझं काम. पोत्यांची संख्या जुळली नाही, नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं, की मी कागद परत पाठवतो. ऑफिसात पाठीमागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला गर्वच होता. इथल्या मराठी मंडळातले लोक भाडेकरार, पीआरचे म्हणजे कायम राहायच्या परवानगीचे अर्ज, पोरांच्या शाळांचे फॉर्म घेऊन माझ्याकडे यायचे. श्रीकांतदादांनी बघितलं ना, मग झालं तर — असं म्हणायचे. असा माणूस कागदावर खोटं लिहील असं कुणाला वाटेल? मलाही वाटलं नव्हतं.

सिंगापूरच्या आधी सहा वर्षं आम्ही इंग्लंडात होतो. गावाचं नाव राहू द्या. तिथे आम्ही घर घेतलं होतं, सेमी-डिटॅच्ड म्हणतात तसलं — एका इमारतीची दोन घरं, मध्ये एक सामाईक भिंत. मागे बाग, बागेत सफरचंदाचं झाड. वैशालीने त्या सफरचंदांचा मुरांबा केला होता पहिल्या वर्षी, आंबट झाला होता, तरी आम्ही चवीने खाल्ला. भिंतीपलीकडे साठीचा एक माणूस एकटाच राहायचा. त्याला आम्ही आपसात भिंतवाला म्हणायचो.

आमच्या कुकरची शिट्टी झाली की तो भिंतीवर काहीतरी आपटायचा. हातोडी असावी. आधी वाटलं, बिचारा एकटा आहे, आवाजाचा त्रास होत असेल. वैशाली दिवाळीचा फराळ घेऊन गेली त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी ताट आमच्या पायरीवर उपडं पडलेलं, चकल्या पायाखाली चिरडलेल्या. मग ते वाढतच गेलं. बागेत कपडे वाळत घालायला वैशाली गेली की हा कुंपणाशी येऊन उभा राहायचा आणि जे बोलायचा ते मी इथे लिहिणार नाही. आमच्या देशाबद्दल, आमच्या वासाबद्दल, तिच्याबद्दल. मी घरी असलो की कमी. मी ऑफिसला गेलो की जास्त. काउन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे तक्रार केली, तर त्यांनी नोंदी ठेवायला एक वही दिली. किती वाजता, काय झालं, किती वेळ चाललं. वैशालीने ती वही सात महिने भरली. तिचं अक्षर सुरेख आहे, माझ्यापेक्षा कितीतरी. सात महिन्यांनी काउन्सिलचं पत्र आलं की त्यांनी शेजाऱ्याला समज दिली आहे. समज दिल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दाराच्या फटीतून कचरा आत आला.

सिंगापूरची नोकरी मी त्यापायी शोधली. लोकांना सांगितलं, चांगली संधी आली. पळून आलो असं कोण सांगतो? इथे आल्यावर कितीतरी महिने वैशाली शिट्टी व्हायच्या आत कुकर गॅसवरून उतरवायची. मी एकदा म्हटलं, अगं, इथे कोण आहे ऐकायला? ती म्हणाली, सवय झालीये. वरणातली डाळ कच्ची राहायची. आम्ही तसंच जेवायचो.

घर विकायला काढलं. आता इथे तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगायला हवी, फार नाही. इंग्लंडात घर विकणाऱ्याला एक लांबलचक फॉर्म भरावा लागतो. कुंपण कुणाच्या मालकीचं, पाणी कधी शिरलं होतं का, छपराचं काम कधी केलं. त्यात शेजाऱ्यांचा एक रकाना असतो. शेजाऱ्यांशी वाद झालाय का? कुणाकडे तक्रार केली होती का? पुढे वाद होईल असं काही तुम्हाला माहीत आहे का? तिथला कायदा मजेशीर आहे. घेणाऱ्याने विचारलं नाही तर तुम्ही बऱ्याच बाबतीत मूग गिळून बसू शकता. पण विचारल्यावर खोटं सांगितलंत तर तो तुम्हाला कोर्टात खेचू शकतो, आणि खेचतातही. पहिल्यांदा मी खरं लिहिलं. हो, वाद झालाय. काउन्सिलचं पत्रही जोडलं. घर पसंत केलेलं एक तरुण जोडपं होतं, त्यांच्या वकिलाने तो रकाना वाचला आणि आठवड्याच्या आत ते मागे फिरले. त्यानंतर वर्षभर त्या घराकडे कुणी फिरकलं नाही. रिकाम्या घराचे हप्ते आणि इथलं भाडं, दोन्ही सुरूच.

आणि मग निखिल आला.

निखिल इथेच बुओना व्हिस्टाला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी लहान, माझ्यासारखाच पुण्याचा. मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. वडील लहानपणीच गेलेले, आईने एकटीने वाढवलेला, त्यामुळे असेल, पण मोठ्या माणसावर विश्वास टाकायला त्याला वेळ लागायचा नाही. दादा म्हणायचा मला. नुसतं तोंडाने नाही, मनापासून. बायको मृणाल फिजिओथेरपिस्ट, आणि मुलगी इरा तीन वर्षांची. मृणालला इंग्लंडात हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळाली आणि निघालं काय, तर ते हॉस्पिटल आमच्या त्या घरापासून बसने वीस मिनिटांवर. निखिल आनंदाने उडालाच. दादा, हा योग आहे, म्हणाला. तुमचं घर आम्हीच घेतो, एजंट नको, काही नको, घरचाच व्यवहार. हे झालं दोन हजार चौदा साली.

मी तेव्हा काय म्हणालो असेन? म्हणालो, बघ बाबा, विचार कर. एवढंच. लोकांना वाटावं की मी भरीस घातलं नाही. आणि घरी येऊन पहिलं काम काय केलं? वकील बदलला. आधीच्या वकिलाकडे खऱ्या उत्तराचा फॉर्म होता ना. नवा वकील, नवा कोरा फॉर्म. शेजाऱ्यांच्या रकान्यात मी लिहिलं — नाही. वाद नाही, तक्रार नाही, माहीत नाही. तीन प्रश्न, तीन नकार.

फॉर्मवर वैशालीचीही सही लागायची, घर दोघांच्या नावावर. तिने पेन हातात घेऊन एकच विचारलं, भिंतवाल्याचं त्यांना सांगितलंयस ना? मी म्हटलं, सगळं सांगितलंय. चालेल म्हणतात? म्हटलं, चालेल म्हणतात, ते तरुण आहेत, आपल्यासारखे भित्रे नाहीत. तिने सही केली. भित्रे हा शब्द तिला लागला असणार. मी तो त्यासाठीच वापरला होता, म्हणजे ती पुढे काही विचारणार नाही. नवऱ्याला बायकोची एवढी नस माहीत असते.

निखिलचा इंग्लंडातला वकील मात्र कामाचा होता. त्याने चौकशीची चांगली चार पानी यादी पाठवली. आणि निखिलने काय केलं माहितीये? ती यादी घेऊन माझ्याकडे आला. तुम्ही म्हणाल, विकणाऱ्याकडे? हो. आपल्याकडे असंच असतं, नाही का? ओळखीचा, वयाने मोठा, त्यातून आपला मराठी माणूस, मग तो समोरच्या बाजूचा आहे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. त्याला वाईट वाटेल म्हणून त्याला प्रश्नसुद्धा विचारायचे नाहीत. ईस्ट कोस्टला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या आवारात, रविवारी सकाळी बसलो, समोर कोपी, म्हणजे इथली कॉफी, बाजूला इराची छोटी सायकल. वकिलाच्या इंग्रजीतला एकेक प्रश्न तो वाचायचा आणि मी त्याला अर्थ सांगायचो. घेणाऱ्याचा सल्लागार मी आणि विकणाराही मीच. शेजाऱ्यांच्या प्रश्नापाशी तो हसला. म्हणाला, दादा, तुमचं आणि भांडण! आणि पुढच्या प्रश्नावर गेला. मी कोपीचा घोट घेतला.

यादीच्या शेवटी वकिलाने लिहिलं होतं, करारावर सही करण्याआधी घर एकदा स्वतः जाऊन बघा, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी बघा, शेजाऱ्यांची दारं ठोठावा, बोला त्यांच्याशी. निखिल म्हणाला, जाऊन येऊ का? मी म्हटलं, कशाला तिकिटाचे पैसे घालवतोस, माझ्याकडे व्हिडिओ आहे. व्हिडिओ होता. बागेचा, सफरचंदाला फुलं आली तेव्हाचा. त्यात भिंतीचा आवाज नव्हता.

तर, हे खोटं. हेच मला सांगायचं होतं असं तुम्हाला वाटलं ना? हे वाईट आहेच. पण हे करूनही मला एकवेळ झोप लागली असती. माणसं घरं विकताना लपवतात, कुणी ओल लपवतं, कुणी वाळवी. मी भिंतवाला लपवला. म्हातारा आहे, मरेल, घर सोडून जाईल, निवळेल — अशी समजूत मी रोज स्वतःची घालायचो. माझं खरं पाप याच्या पुढचं आहे आणि ते कुठल्याही फॉर्मवर नाही. थांबा, सांगतो.

निखिलच्या आईला मी काकू म्हणायचो. इंग्लंडला जायच्या आधी त्या तीन महिने सिंगापूरला येऊन राहिल्या होत्या. पुण्यात मराठी शाळेत पस्तीस वर्षं प्राथमिकच्या बाई. आवाज असा की शेवटच्या बाकावरचं पोर सरळ बसेल. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, इराकडून मोठमोठ्याने बाराखडी म्हणवून घ्यायच्या, माणसं वळून बघायची, काकूंना पत्ता नाही. इरा इथल्या इंग्रजीत म्हणायची, नो लाह आजी, सो लाऊड! आणि काकू आणखीच मोठ्याने हसायच्या. मला फार आवडायच्या त्या. आमच्याकडे जेवायला आल्या तेव्हा वैशालीच्या हातातून चमचा काढून घेऊन आमटीला स्वतः फोडणी दिली, आणि वर म्हणाल्या, रागावू नकोस हं सूनबाई, मास्तरणीची खोड आहे. दोघी निखळ हसल्या.

निरोपाचं जेवण आमच्याकडेच होतं. त्या संध्याकाळी मी वैशालीला एक मिनिट एकटं सोडलं नाही. ती स्वयंपाकघरात, मी स्वयंपाकघरात. मृणाल पाणी घ्यायला आली, मी तिथे. वैशालीला वाटलं आज फारच मदत करतोय. तिने शेजाऱ्याचा विषय काढला असता तर? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काय असतं ते मला त्या दिवशी समजलं. काही झालं नाही. सगळे पोटभर जेवले. काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, माझ्या लेकराला मोठा भाऊ मिळाला.

ती चौघं इंग्लंडला गेली. मृणालच्या हॉस्पिटलच्या पाळ्या, निखिलला रोज दीड तास जाऊन दीड तास यायचं. घरी दिवसभर काकू आणि इरा. म्हणजे भिंतीच्या या बाजूला, मी नसताना वैशाली जिथे असायची, तिथे आता काकू. मला हे कळत नव्हतं असं समजू नका. सकाळी हार्बरफ्रंटला उतरून ऑफिसकडे चालताना माझ्या डोक्यात हिशोब व्हायचा — तिकडे आता मध्यरात्र आहे, त्या झोपल्या असतील. संध्याकाळी निघताना — आता तिकडे सकाळ संपतेय, कुकर लागला असेल.

भिंतवाल्याचे तेच प्रकार सुरू झाले, पण काकूंनी आठ महिने कुणाला काही सांगितलं नाही. पोराने हौसेने घर घेतलंय, त्याला कशाला त्रास. कुकर बंद केला. बाराखडी बंद केली. इरा पळायला लागली की तिला धरून मांडीवर घ्यायच्या आणि तोंडावर बोट ठेवायच्या. बागेत जायचं सोडलं. एक दिवस तो कुंपणावरून इराच्या अंगावर ओरडला, तेव्हा काकू मध्ये पडल्या आणि त्यांच्या त्या आवाजात मराठीतून त्याला जे सुनवायचं ते सुनवलं. त्यानंतर त्याने पोलिसांना बोलावलं. पोलिसांनी येऊन काकूंना विचारलं, काय झालं म्हणून. पस्तीस वर्षं ज्यांना बघून पोरं उठून उभी राहिली, त्या बाईंना पोलिसांनी दारात उभं करून विचारलं, आणि त्यांना इंग्रजीत धड उत्तर देता आलं नाही.

तेव्हा निखिलला कळलं. त्याने मला फोन केला.

शनिवार होता, दुपार. वैशाली बाजारात गेली होती. निखिलचा आवाज थकलेला. सगळं सांगितलं त्याने. आणि मग विचारलं — दादा, खरं सांगा, तुमच्या वेळी होता का हा माणूस असा?

बघा, प्रश्न तोच. यावेळी वकिलाचा नाही, कागदावरचा नाही. धाकट्या भावासारखा पोरगा, त्याचं घर जळतंय आणि तो मला विचारतोय. मी हो म्हणालो असतो तर? काय झालं असतं? त्याने वकिलाला सांगितलं असतं. काउन्सिलच्या कपाटातून वैशालीची वही निघाली असती. माझ्यावर दावा लागला असता, कदाचित पैसे भरावे लागले असते, मंडळात तोंड दाखवायला जागा उरली नसती. आणि वैशालीला कळलं असतं. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. काकू एका क्षणासाठीही आल्या नाहीत डोक्यात. हे मी लिहितोय कारण हे खरं आहे.

मी म्हटलं, छे रे. आमच्या वेळी चांगला होता. ख्रिसमसला कार्ड द्यायचा.

कार्ड! कुणी मागितलं होतं कार्ड? नुसतं नाही म्हणून भागलं असतं. पण मी खोट्याला सजवलं. निखिल अगदी बारीक आवाजात म्हणाला, मग आमच्याच वाट्याला का, दादा? आम्ही असं काय केलं? आणि मी — आता लिहितो, लिहून टाकतो — मी थोडंसं हसून म्हटलं, अरे, काकूंचा आवाज जरा मोठा आहे ना. तिकडच्या लोकांना सवय नसते. त्यांच्याकडून काही बोललं गेलं असेल, बघ जरा विचारून.

हेच ते पाप. घरापायी बोललेलं खोटं नाही, हे वाक्य. त्याला कारण हवं होतं, मी त्याला त्याची आई दिली.

त्याने विचारलं आईला. विचारणारच. पुढच्या फोनवर त्याने मला सांगितलं, आई म्हणते मी काही केलं नाही रे, शपथ घे म्हणतोस तर घेते. पण दादा, म्हणाला, तुमच्या वेळी सहा वर्षं काही नाही आणि आमच्या आठ महिन्यांत हे, म्हणजे काहीतरी झालंच असणार ना? तिला हळू बोलायला सांगून सांगून थकलो. मी हं म्हटलं. नुसतं हं. घरात भांडणं झाली. मृणाल एकदा काकूंना सरळ बोलली की तुमच्यामुळे माझ्या पोरीला अंगणात जाता येत नाही. मृणाल वाईट नाही हो. तिला जे खरं वाटत होतं ते ती बोलली, आणि ते तिला खरं वाटत होतं माझ्यामुळे.

काकू पुण्याला परत गेल्या. कायमच्या. त्या गेल्यावर भिंतवाला थांबला का? नाही थांबला. थांबेल कसा? पण निखिलच्या लेखी आता त्याला सुरुवात कुणी करून दिली हे ठरलेलं होतं. वैशाली मधूनमधून म्हणायची, सगळं माहीत असून घेतलं घर आणि आता म्हाताऱ्या आईला पाठवून दिलं, काय माणसं असतात. मी तिला सुद्धा हं म्हणायचो. माझ्या दोन हुंकारांत दोन घरं एकमेकांना वाईट ठरवून मोकळी झाली.

तीन वर्षांनी निखिलने घर विकायला काढलं. फॉर्म भरायचा होता, तोच फॉर्म. निखिल माझ्यासारखा नाही. शेजाऱ्यांच्या रकान्यात त्याने हो लिहिलं, आणि खाली सगळी हकिकत. पाठवायच्या आधी मला ईमेल केला, दादा, एकदा नजर घाला, तुमची नजर पक्की आहे. मी ऑफिसातच उघडला. इंग्रजीत लिहिलं होतं — आधीच्या मालकांना या शेजाऱ्याचा कधीही त्रास झाला नव्हता. माझी आई आमच्याकडे राहायला आली, तिचा त्यांच्याशी खटका उडाला, आणि तेव्हापासून हा त्रास सुरू झाला. खाली निखिलची आणि मृणालची सही. परक्या देशातल्या कायद्याच्या कागदावर, छापील रकान्यात.

एका चुकीच्या अक्षरासाठी मी अख्ख्या जहाजाचे कागद अडवलेले आहेत. त्या दिवशी मी ते वाक्य दोनदा वाचलं. एका ठिकाणी क्रियापदाचा काळ चुकला होता, तो दुरुस्त केला. बाकी ठीक आहे, असं लिहून दहा मिनिटांत परत पाठवला. मग जेवायला खाली गेलो. मला भूक लागली होती, हेही सांगतो, कारण तुम्हाला वाटेल की अशा वेळी माणसाला घास जात नसेल. जातो.

घर विकलं गेलं, बऱ्याच पडत्या भावात. भिंतवाल्यासकट, पण यावेळी सगळं सांगून. असं घरही कुणीतरी घेतंच, फक्त कमी भावात घेतं. ते मलाही करता आलं असतं. एवढी साधी गोष्ट होती ती.

त्यानंतर काही महिन्यांनी मला पुण्याहून फोन आला. काकूंचा. हार्बरफ्रंटला पाण्याकाठी बाकावर डबा खात बसलो होतो, समोर फेरीबोट सुटत होती. आवाज आधी ओळखूच आला नाही, इतका खाली गेलेला. मी फोन कानाशी दाबून धरला. त्यांनी आधी वैशालीची चौकशी केली, मग तब्येतीचं विचारलं. मग म्हणाल्या, श्रीकांत, एक बोलायचं होतं, फार दिवस मनात आहे. निखिल लाजेने तुम्हाला म्हणणार नाही, म्हणून मीच म्हणते. तुम्ही इतक्या मायेने दिलेलं घर, तुमचं सहा वर्षांचं सुखाचं घर, माझ्या तोंडापायी पोरांच्या हातचं गेलं. मला काही आठवत नाही मी त्या माणसाला आधी काय बोलले ते, पण बोलले असेन. सगळे म्हणतात म्हणजे बोललेच असेन. माझा आवाजच मेला तसा. मला माफ करा.

फेरीबोट बरीच लांब जाईपर्यंत मी तिच्याकडेच बघत राहिलो. त्यांना वाटलं फोन तुटला. हॅलो, हॅलो म्हणाल्या, हळूच. तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हासुद्धा. त्या एकट्या होत्या, मी एकटा होतो, दाव्याचा विषय संपला होता, घर गेलं होतं, भिण्यासारखं काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

मी म्हटलं, काकू, असं काय बोलता. झालं गेलं. माझ्या मनात काही नाही तुमच्याबद्दल.

नक्की ना, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नक्की. त्या रडल्या थोड्या, मग म्हणाल्या, फार बरं वाटलं हो, मोठ्या मनाचे आहात.

दीड वर्षांनी त्या गेल्या. निखिल सांगत होता, शेवटी शेवटी घरातही कुजबुजल्यासारखंच बोलायच्या.